वळिवड्याच्या वाटा

आजोळ हा शब्द उच्चारतांच मराठी माणसाच्या डोळ्यांपुढें एक ठराविक चित्र उभें राहतें: परसांतली विहीर, माजघरांतला झोपाळा, आणि ‘तुझी आई याच पायरीवरून पडली होती’ असें सांगणारें कोणी वडील माणूस. अशा घराला पत्ता असतो व तो सहसा बदलत नाहीं. परंतु जिचें जन्मगांवच दुसऱ्या राष्ट्रांत गेलें, अशा आजीचें बालपण नातीनें शोधावें कोठें? या प्रश्नाचें एक उत्तर कोल्हापूरजवळच्या वळिवडें गांवीं सांपडतें, हें आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक नसेल.

सन १९३९ च्या सप्टेंबरांत पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनी व पूर्वेकडून सोव्हिएट रशिया असे दोघेहि चालून आले, आणि पूर्व पोलंड रशियाच्या हातीं गेला. १० फेब्रुवारी १९४० रोजीं, ऐन हिंवाळ्यांत, हद्दपारीची पहिली लाट आली. सरहद्दीकडे जमिनी घेऊन वसलेले माजी सैनिक आणि जंगलखात्याचे नोकर यांचीं कुटुंबेंच्या कुटुंबें झोपेंतून उठवून मालगाड्यांत भरण्यांत आलीं. एप्रिलांत, आधींच अटकेंत पडलेल्यांच्या बायकामुलांची पाळी आली. त्यांतील बहुतेकांस कझाकस्तानांत नेऊन सोडलें. जून १९४१ पर्यंत अशा चार लाटा झाल्या. सोव्हिएट दप्तरांप्रमाणें हद्दपारांची संख्या सव्वातीन लाखांच्या आसपास जाते. जुने पोलिश लेखक ती याच्या कितीतरी पट सांगत.

पुढें हिटलरनें रशियावर स्वारी केली आणि कालचे शत्रु आज मित्र झाले. ३० जुलै १९४१ रोजीं लंडनमधील पोलिश सरकारशीं रशियाचा करार झाला. हद्दपारांस ‘माफी’ मिळाली. माफी कोणत्या अपराधाबद्दल, हें मात्र कोणीं सांगितलें नाहीं. जनरल आंदेर्स यांनीं रशियाच्या भूमीवरच पोलिश सैन्य उभारलें, आणि सन १९४२ मध्यें या सैन्याबरोबर कास्पियन समुद्र ओलांडून सुमारें १ लाख १५ हजार माणसें इराणांत उतरलीं. त्यांत बायका, मुलें व वृद्ध मिळून ४० हजारांच्या जवळपास होतीं. हीं ठेवावयाचीं कोठें? कांहीं आफ्रिकेंत गेलीं, कांहीं पार मेक्सिको व न्यूझीलंडपर्यंत पोंचलीं, आणि कांहींच्या वांट्यास कराचीच्या तंबूंतून हिंदुस्थान आला.

नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनीं बालाचडी येथें पोलिश मुलांस दिलेला आश्रय आतां बराच प्रसिद्ध झाला आहे, व तो व्हावा हें योग्यच. वळिवड्याची गोष्ट निराळी आहे. येथें सन १९४३ मध्यें, पंचगंगेपासून जवळच व कोल्हापूर-मिरज लोहमार्गालगत, सुमारें ५ हजार वस्तीचें एक अख्खें पोलिश गांव उभें राहिलें. लांबच लांब कौलारू बराकी, त्यांत दोनदोन खोल्यांचीं बिऱ्हाडें, पुढें ओटी. शाळा, चर्च, रुग्णालय, रंगभूमि, बालवीरांचीं पथकें, सर्व कांहीं. खर्चाचा मुख्य भार लंडनच्या पोलिश सरकारवर होता. ‘आपण त्यांना पोसलें’ असा सूर आपल्याकडे कधीं कधीं निघतो, तो सोडून द्यावा हें बरें. कोल्हापूरनें जागा दिली आणि शेजार दिला. बर्फांत भाऊ पुरून आलेल्या मुलास शेजार ही कांहीं लहान वस्तु नव्हे.

सन १९४५ च्या जुलईंत ब्रिटननें लंडनच्या त्या सरकारची मान्यता काढून वॉर्साच्या नव्या सरकारास दिली. वळिवड्याचें गांव एका दिवसांत बिनसरकारचें झालें. ज्या मुलुखांतून हीं माणसें निघालीं होतीं तो तर सोव्हिएट युनियनमध्यें कायमचा सामील झालेला. ल्व्हूव हें शहर आज युक्रेनमध्यें आहे. स्तानिस्लावूव यास सन १९६२ पासून इव्हानो-फ्रान्किव्स्क म्हणतात. परत जाणें म्हणजे कोठें जाणें, हेंच ठरेना. सन १९४८ पर्यंत छावणी रिकामी झाली. कोणी पोलंडास, कोणी ब्रिटनला, कोणी पूर्व आफ्रिकेस व ऑस्ट्रेलियास गेले. त्यांतल्या मुलांनीं म्हातारपणीं लंडनमध्यें एकत्र येऊन हिंदुस्थानांतील दिवसांच्या आठवणी व कागदपत्रें यांचा एक भला मोठा ग्रंथ सिद्ध केला. तो सन २००० मध्यें पोलिश भाषेंत व मागाहून इंग्रजींत निघाला.

आतां त्यांच्या नाती येऊं लागल्या आहेत. इंग्लंडमधून एका वर्षासाठीं पुण्यास शिकावयास आलेल्या अशाच एका विद्यार्थिनीबरोबर आम्हीं वळिवड्यास गेलों होतों. तिची आजी स्तानिस्लावूवजवळची; येथें आली तेव्हां नऊ वर्षांची, गेली तेव्हां चौदा. तिचें मूळ गांव नातीनें पाहिलेलें नव्हतें, आणि सन २०२२ मध्यें रशियानें युक्रेनवर स्वारी केल्यापासून तिकडे जाणें सोपेंहि राहिलें नाहीं. आजीच्या हातचा एक पेन्सिलीचा नकाशा मात्र तिच्याजवळ होता. त्यावर स्टेशन, शाळा, चर्च आणि ‘आमचें घर’ अशीं चार ठिकाणें, व एका कोपऱ्यांत ऊंस काढलेला. ‘पाणी’, ‘चल’ व ‘किती’ हे तीन मराठी शब्द ती पुण्यास येण्यापूर्वींच जाणत होती. ते आजीचे.

सन २०१९ च्या सप्टेंबरांत पोलिश शिष्टमंडळाच्या उपस्थितींत येथें स्मारक उभारलें गेलें. वॉर्सा येथेंहि वळिवडें-कोल्हापूरच्या नांवाचें स्मारक आहे, व सन २०२४ च्या ऑगस्टांत आपल्या पंतप्रधानांनीं तेथें जाऊन अभिवादन केलें. आमची पाहुणी स्मारकापाशीं थोडाच वेळ थांबली. नकाशा घेऊन मात्र अर्धा दिवस उन्हांत हिंडली. नकाशांतली शाळा सांपडली नाहीं. घराच्या जागीं कापडाचें दुकान निघालें, तेंहि अदमासानेंच. कारण या भूमीवर दुसरें गांव वसलें आहे. पोलिश कुटुंबें निघून गेल्यावर रिकाम्या बराकींत सिंधमधून आलेलीं निर्वासित कुटुंबें राहूं लागलीं, आणि त्यांचें गांधीनगर झालें. आज कापडाच्या घाऊक खरेदीसाठीं लांबलांबचे व्यापारी तेथें येतात.

आम्हांस येथें इतिहासाचें नवल वाटलें तें असें. फाळणीनंतर, विशेषतः ६ जानेवारी १९४८ च्या कराचींतील दंग्यानंतर, सिंधी हिंदु ज्या बंदरांतून जहाजांत चढले, तेथेंच पांचसहा वर्षांपूर्वीं पोलिश मुलें छावणींत वाट पाहत बसलीं होतीं. एकीनें कराचींतून येऊन जी ओटी सोडली, तिच्यावर दुसरी कराचींतूनच येऊन बसली. पहिलीची नात निदान इतक्या दूर येऊं शकली. दुसरीच्या नातीस कराची जवळ असूनहि तेथें जाण्याचा परवाना मिळणें किती कठीण, हें सांगावयास नको.

दुकानाच्या मागच्या घरांत एक वृद्ध सिंधी बाई भेटल्या. पांच वर्षांच्या असतांना कराची सुटलें, त्यामुळें त्यांना बंदरावरची गर्दी व आईचा पदर एवढेंच आठवे. मुलीनें नकाशा दाखविला. त्यांनीं तो नीट पाहिला, ‘आमच्या वेळीं इथें नळ होता,’ असें एका जागीं बोट ठेवून सांगितलें, आणि मग उलट विचारलें, ‘बेटी, तुझ्या आजीनें कराची पाहिलें होतें ना? कसें होतें म्हणून सांगायची?’

आजीच्या वहींत कराचीसंबंधीं दोनच ओळी होत्या, वाळूच्या आणि तंबूंत शिरणाऱ्या वाऱ्याच्या. मुलीनें त्या शोधून काढल्या व मोडक्या मराठींत त्यांना वाचून दाखविल्या.