अणुकेंद्रीय प्रतिमांकन, मुंबई परिसरातील
क्ष-किरण चित्रात शरीराची रचना दिसते; अवयवाचे कार्य मात्र सहसा दिसत नाही. ते अजमावण्यासाठी अत्यल्प किरणोत्सर्गी द्रव्य शरीरात घालून त्यापासून मिळणाऱ्या गॅमा किरणांवरून प्रतिमा घेतात. तुर्भे येथील ‘अप्सरा’ अणुभट्टी १९५६ मध्ये कार्यान्वित झाली व १९६३ मध्ये परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर स्थापन झाले. खरी अडचण वेळेची. टेक्नेशियम–९९एमचे अर्धायुष्य सु. ६ तास आहे, तथापि त्याचे जनक मॉलिब्डेनम–९९ (सु. ६६ तास) दूरवर पाठविता येते. फ्ल्युओरीन–१८ सु. ११० मिनिटांतच निम्मे होते. म्हणूनच २००२ मध्ये परळला सायक्लोट्रॉन व पॉझिट्रॉन-प्रतिमांकन यंत्र एकाच ठिकाणी बसविण्यात आले. हे द्रव्य मुंबईहून अंबरनाथ-बदलापूरला नेण्यात दीड तास गेला, तर त्याचा सु. ४३ टक्के भाग वाटेतच क्षय पावतो.