खत, कोळसा आणि डोंगर

श्रोतेहो, ‘ही जमीन माझी’ असें आपण म्हणतों, तेव्हां डोळ्यांपुढें असतें तें शेत, विहीर, बांध आणि बांधावरचें झाड. त्या शेताच्या पोटांत काय आहे आणि तें कोणाच्या मालकीचें आहे, हा विचार सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. अमेरिकेंतील केंटकी राज्याच्या पूर्वभागीं अ‍ॅपलेशियन पर्वताच्या दऱ्याखोऱ्यांत राहणाऱ्या शेतकऱ्यांच्याहि मनांत तो आला नव्हता. त्याची किंमत त्यांच्या नातवंडांनीं कशी मोजली आणि अखेर न्याय कसा मिळविला, ती हकीकत आज सांगावयाची आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या खोऱ्यांत कोळशाचे दलाल हिंडूं लागले. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध जॉन मेयो हा मूळचा शाळामास्तर. हे दलाल जमीन मागत नसत. जमिनीखालचीं खनिजें तेवढीं मागत. एकरीं अर्ध्या डॉलरापासून पांच डॉलरांपर्यंत रोख रक्कम हातावर पडे. घर, शेत आणि गुरें जागच्या जागीं राहत. शेतकऱ्याला हा व्यवहार फायद्याचाच वाटला. कित्येकांना वाचतां येत नव्हतें. त्यांनीं सहीच्या जागीं फुली मारून दिली. सावकारी खतावर आंगठा उठविणारा शेतकरी आपल्याला अपरिचित नाहीं. हा त्याचाच दूरदेशचा भाऊ म्हणावा. या खतांना पुढें ‘ब्रॉड फॉर्म डीड’ असें नांव पडलें. कोळसा काढण्यासाठीं जें जें सोयीचें वाटेल तें करण्याचा अधिकार त्यांत खरेदीदाराला दिलेला होता, आणि त्यापायीं जमिनीचें नुकसान झाल्यास भरपाईच्या दाव्यांतून त्याची आगाऊ सुटकाहि केलेली होती.

खत झालें तेव्हां कोळशाची खाण म्हणजे डोंगराच्या कुशींत खणलेलें भुयार, कुदळ आणि फावडें. परंतु दुसऱ्या महायुद्धानंतर प्रचंड यंत्रें आलीं. भुयार खणण्याऐवजीं डोंगराचा उतारच कापून कोळशाचा थर उघडा करणें स्वस्त झालें. कापलेली माती व दगड खालच्या उतारावर लोटले जात. पावसाळी दिवसांत तो ढिगारा शेतांत, ओढ्यांत, अंगणांत उतरे. ज्याच्या आजोबांनीं फुली मारली, त्या नातवाच्या संमतीची गरजच नव्हती. १९५६ सालीं राज्याच्या वरिष्ठ न्यायालयानें हा अर्थ ग्राह्य धरला, आणि जमिनीचा मालक आपल्याच जमिनीवर निराधार झाला.

मग १९६५ साल उजाडलें. नॉट परगण्यांत ऐंशी वर्षें उलटलेले डॅन गिब्सन हे गृहस्थ बंदूक घेऊन यंत्रांच्या वाटेंत उभे राहिले. त्याच वर्षीं या भागांतील लोकांनीं जमीन व जन यांच्या रक्षणार्थ आपली संघटना उभारली. नोव्हेंबर महिन्यांत ऑली कोम्ब्स नांवाची एकसष्ट वर्षांची विधवा आपल्या घरावरच्या उतारावर बुलडोझरपुढें बसली. पोलिसांनीं तिला हातापायांना धरून उचलून नेलें. तें छायाचित्र वृत्तपत्रांतून देशभर पोहोंचलें. ‘थँक्सगिव्हिंग’ या कृतज्ञतेच्या सणाचें जेवण त्या माउलीनें दोन मुलांसह तुरुंगांत घेतलें.

त्या चित्रानें राज्यकर्त्यांना स्वस्थ बसूं दिलें नाहीं. १९६६ सालीं केंटकीनें उघड्या खाणींवर नियंत्रण घालणारा कायदा केला. १९७७ सालीं राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या स्वाक्षरीनें सबंध देशासाठीं कायदा झाला. परंतु जुन्या खतांचा अर्थ लावण्याचें काम राज्यांच्या कायद्यांवरच राहिलें. १९८४ सालीं विधिमंडळानें उपाय केला. १९८७ सालीं न्यायालयानें तो घटनाबाह्य ठरविला. तेव्हां लोकांनीं घटनाच बदलण्याचें ठरविलें. १९८८ च्या मतदानांत शेंकडा ऐंशींहून अधिक मतें दुरुस्तीच्या बाजूनें पडलीं. तिचा आशय अगदीं साधा आहे: खतांत स्पष्ट उल्लेख नसेल, तर खत लिहिलें त्या काळीं त्या भागांत ज्या पद्धति रूढ होत्या त्यांनींच कोळसा काढावा, असा उभयपक्षांचा हेतु समजावा. १९९३ सालीं न्यायालयानें ही दुरुस्ती मान्य केली आणि १९५६ चा निवाडा चुकीचा ठरविला.

यावरून सर्व कांहीं सुरळीत झालें, असें मात्र कोणीं समजूं नये. ज्या कंपन्यांनीं जमीनच विकत घेतली होती, त्यांना ही दुरुस्ती अडवूं शकत नव्हती. १९७७ च्या कायद्यानेंहि कांहीं अटींवर डोंगराचा माथाच उडविण्यास वाव ठेवला होता. सुरुंगांनीं शिखरें उतरवून तो मलबा दऱ्यांत भरण्याची रीत पुढें फोफावली. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याच्या अंदाजाप्रमाणें अशा रीतीनें सुमारें २००० मैल लांबीचे ओढे गाडले गेले. विरोध करणाऱ्यांची अडचण याहून नाजूक होती. कोळशानें याच खोऱ्यांतील घरांत मजुरी आणली होती. शेजारी यंत्र चालवी आणि आपण त्यापुढें बसावें, असा तो प्रसंग होता. तथापि भुयारांना शेंकडों हात लागत, तेथें यंत्रांना थोडेच पुरत; म्हणून डोंगर गेला तो गेलाच, पण मजुरीहि त्याबरोबर आटत गेली.

श्रोतेहो, या कथेंत कोणीं खतें जाळलीं नाहींत. लोकांनीं तेंच खत पुन्हां हातीं घेऊन विचारलें: ‘ज्यानें फुली मारली, त्याला यांतलें किती कळलें होतें?’ या एका प्रश्नाचें उत्तर मिळावयास तीन दशकांहून अधिक काळ लागला. तोंवर कितीएक उतार वाहून गेले होते. न्यायाला उशीर झाला तर दंडाची रक्कम भरून काढतां येते. झऱ्याला तसें परत बोलावतां येत नाहीं.