वनहक्क पट्टा (शहापूर-मुरबाड)

ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड तालुक्यांतील ठाकूर, कातकरी, महादेव कोळी आदी आदिवासी कसत असलेल्या वनजमिनीवरील कायदेशीर हक्क. त्याचा आधार २००६ चा वनहक्क कायदा असून नियम १ जानेवारी २००८ पासून लागू झाले.

कसणाऱ्याला जमिनीचा हक्क देणारा कायदा अमेरिकेतही होता. तिथे १८६२ च्या होमस्टेड कायद्याने पाच वर्षे वस्ती व कसणूक करणाऱ्याला १६० एकर जमीन मिळे. तिथला मूळनिवासी मात्र हुसकावला गेला. इथे उलट आहे. कसणारा मूळचाच, फक्त सरकारदरबारी ‘अतिक्रमणदार’.

शहापूर-मुरबाडमधील ही वनजमीन बहुधा डोंगरउताराची, वरकस. पावसाळ्याआधी पालापाचोळा, कवळ (झाडांच्या तोडलेल्या फांद्या) आणि शेण पसरून, वर माती भुरभुरून राब भाजतात. त्या राखेत नाचणी, वरीची रोपे वाढवून पुढे आवणी (पुनर्लावणी) करतात.

पट्ट्यासाठीचा दावा आधी ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे जातो. नंतर तो उपविभागीय व जिल्हा समितीपुढे येतो. आदिवासी दावेदाराची १३ डिसेंबर २००५ पूर्वीची कसणूक दिसावी लागते. कागद नसेल तर बांध, विहीर, दफनभूमी, वडीलधाऱ्यांचा जबाब हेही पुरावेच.

कमाल मर्यादा ४ हेक्टर. पट्टा वारसाहक्काने मिळतो, पण विकता येत नाही. विवाहितांच्या बाबतीत तो पती-पत्नी दोघांच्या नावे होतो. वनोपज, चराई यांसाठी सामूहिक हक्काची तरतूद वेगळी आहे.