अडलं कोण, बाई की यंत्र?

काम करणाऱ्या माणसाकडे कोण पाहतं आणि कशासाठी पाहतं, याचा मुंबईतला इतिहास आज सांगते.

परळ-लालबागच्या गिरण्यांत नजर ठेवायला माणसं नेमलेली असत. मागांवर जॉबर, आणि सूत गुंडाळणाऱ्या बायकांच्या खात्यात नायकीण. काम अडलं की बोलणी कामगारालाच. १९२०च्या दशकाच्या शेवटी मालकांनी नवा हिशेब मांडला. विणकर दोन माग चालवतो ना, मग तीन चालवू दे. माग तोच, गिरणी तीच, फक्त माणूस जास्त पळवायचा. १९२८ च्या संपाचं हे एक मोठं कारण. एप्रिल ते ऑक्टोबर, जवळजवळ सहा महिने, दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर होते. तेव्हा गिरण्यांत साधारण पाचात एक कामगार बाई होती, आणि उषाबाई डांगे त्यांच्यात फिरून त्यांना संघटित करत होत्या.

स्वातंत्र्यानंतर दादरच्या पुढे, शीवला, केंद्र सरकारची सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूट उभी राहिली. तिथे कामगाराची नाडी आणि श्वास मोजू लागले. १९७९ मध्ये तिथल्या संशोधकांनी छापलं की आठ तास काम करायचं, तर शरीर जास्तीत जास्त जेवढा प्राणवायू घेऊ शकतं त्याच्या ३५ टक्क्यांपर्यंतच भार असावा, नाडी मिनिटाला ११०च्या आसपास. ही मोजणी तरुण, निरोगी पुरुषांवर झाली. डोक्यावर हंडा आणि कडेवर मूल घेऊन चढण चढणारीची नाडी त्यात नाही, हे मला खटकतं. पण प्रश्न निदान बदलला. माणूस किती पळेल हे न विचारता, त्याच्यावर किती लादावं असं विचारलं गेलं.

मग संगणक आला, मोबाइल आला. पवईच्या आयआयटीत १९६९ पासून आयडीसी नावाचा डिझाइनचा विभाग आहे. अशा विद्यापीठांत माणूस आणि यंत्र यांचं कसं जमतं हे पाहायच्या प्रयोगशाळा असतात. त्यांत परीक्षानळ्या नसतात. एक खोली, टेबल, फोन, एक कॅमेरा हातावर, एक चेहऱ्यावर. कुठे कुठे मधे काच असते. आतून आरसा वाटतो, पलीकडून सगळं दिसतं. समजा, आत बसलेल्या बाईला सांगितलं, भावाला फोन लावा आणि मनात येईल ते मोठ्याने बोला. बोट कुठे घुटमळलं, कपाळाला आठी कधी पडली, ते टिपतात. काच आणि कॅमेरा आहे हे आधी सांगायचं, परवानगी घ्यायची, आणि कंटाळली तर ती मधेच उठून जाऊ शकते. सुरुवातीलाच तिला सांगतात की परीक्षा फोनची आहे, तुमची नाही. पाच जणी एकाच बटणापाशी अडल्या, तर बटण बदलायचं.

आयडीसीचे प्राध्यापक अनिरुद्ध जोशी आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ‘रांगोळी’ नावाची फोनवही मांडली. कमी लिहिता-वाचता येणाऱ्यांसाठी. नावं वाचण्याऐवजी रंग आणि चित्रांवरून माणूस शोधायचा. २०१३ मध्ये ‘स्वरचक्र’ आलं. त्यात अक्षरं आपल्या मुळाक्षरांच्या क्रमाने आहेत. ‘क’वर बोट ठेवलं की भोवती का, कि, की, कु असं चक्र उघडतं, हव्या त्या अक्षराकडे बोट सरकवायचं. शाळेत घोकलेली बाराखडी इथे कामाला येते. इंग्रजी कळपाट पाठ करायला नको.

या खोल्यांत बहुतेकदा खुर्ची एकच असते. आपल्याकडे मात्र एका फोनभोवती चौघी. एक वाचते, एक दाबते, एक म्हणते ‘अगं थांब’. गटाचं काम पाहायची पद्धत जुनी आहे. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात रॉबर्ट बेल्स आरशी काचेमागून छोटे गट पाहत. त्यांचं पुस्तक १९५० चं. प्रत्येक बोलणं ते बारा खान्यांपैकी एकात टाकत: कुणी सुचवलं, कुणी मत विचारलं, कुणी विरोध केला. हसून ताण हलका करणाऱ्यालाही त्यात खाना होता. बचत गटाच्या पुढच्या बैठकीत कुणी एकीने कोपऱ्यात बसून तशी वही मांडून पाहावी, अर्थात बाकीच्यांना सांगून. हप्त्याची नोंद मोबाइलवर करताना कोण बोलतं, फोन कुणाच्या हातात राहतो, आणि कोण सबंध वेळ गप्प असते, ते लिहावं.