मदरबोर्ड बदलताना : आधी माहिती सांभाळा, मग विंडोज टाका

धाराशिव / प्रतिनिधी

धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परंडा आणि वाशी या जिल्ह्यातील आठही तालुक्यांत आपले सरकार सेवा केंद्रे, ग्रामपंचायती, पतसंस्था आणि शाळांचा कारभार संगणकावर चालतो. वळवाच्या व परतीच्या पावसातील विजा आणि विजेच्या दाबातील चढउतार यांचा फटका संगणकाच्या पॉवर सप्लायला आणि मदरबोर्डला बसू शकतो. मदरबोर्ड नवा मिळतो. हार्ड डिस्कवरील दाखले, हिशेब आणि छायाचित्रे मात्र विकत मिळत नाहीत. म्हणूनच ‘विंडोज पुन्हा टाकावी लागेल, फॉरमॅट करू का?’ या प्रश्नाला होकार देण्यापूर्वी काही बाबी समजून घेणे हिताचे ठरते.

पुन्हा इन्स्टॉल करणे आवश्यक आहे का?

विंडोज एक्सपीच्या काळात वेगळ्या चिपसेटचा मदरबोर्ड बसविल्यास संगणक बहुधा निळ्या पडद्यावर अडकत असे. जुने ड्रायव्हर नव्या बोर्डाला लागू होत नसत. विंडोज १० आणि ११ मात्र नवे हार्डवेअर ओळखून बहुतेकदा सुरू होतात. सुरू न झाल्यास प्रथम बायोसमधील मांडणी तपासावी. जुनी विंडोज ‘लेगसी’ पद्धतीने टाकलेली असेल आणि नवा बोर्ड केवळ ‘यूईएफआय’ पद्धत स्वीकारत असेल, किंवा डिस्कची पद्धत ‘एएचसीआय’ऐवजी ‘रेड’ झाली असेल, तर विंडोज निर्दोष असूनही संगणक सुरू होत नाही. संगणक सुरू झाला, तरी वारंवार अडखळत असल्यास नव्याने इन्स्टॉल करणे श्रेयस्कर.

कुलूपबंद डिस्कचा धोका

अलीकडच्या अनेक लॅपटॉपमध्ये, विशेषतः मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगइन केलेले असल्यास, डिस्कवरील माहिती आपोआप कुलूपबंद होते. या ‘बिटलॉकर’ सुविधेची किल्ली मदरबोर्डवरील टीपीएम या सुरक्षा चिपशी जोडलेली असते. बोर्ड बदलताच संगणक ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. ती नसेल, तर माहिती वाचता येत नाही. मायक्रोसॉफ्टलाही ती परत मिळवून देता येत नाही.

ही की बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात साठविलेली असते व मोबाइलवरूनही पाहता येते. संगणक सुस्थितीत असतानाच ती कागदावर उतरवून ठेवावी. डिस्क कुलूपबंद नसेल, तर ती काढून दुसऱ्या संगणकाला जोडावी आणि फाइल्सची प्रत घ्यावी. काही लॅपटॉपमध्ये साठवण मदरबोर्डवरच डकविलेली असते. तेथे बोर्डाबरोबर माहितीही जाते. त्यामुळे नियमित बॅकअपला पर्याय नाही.

परवान्याचे काय?

मदरबोर्ड बदलल्यास विंडोज त्या यंत्राला नवा संगणक समजते. स्वतंत्रपणे विकत घेतलेला ‘रिटेल’ परवाना नव्या बोर्डावर वापरता येतो. संगणकासोबत आलेला ‘ओईएम’ परवाना त्याच यंत्रापुरता असतो. सदोष बोर्ड उत्पादकाने बदलून दिल्यास तो कायम राहतो. विंडोज ८ पासून ब्रँडेड संगणकांत प्रॉडक्ट की बोर्डावरच नोंदविलेली असते. त्यामुळे अधिकृत सेवा केंद्रातून बोर्ड बदलताना ही नोंद नव्या बोर्डावर झाली का, हे विचारून घ्यावे. डिजिटल परवाना आधीच मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडलेला असल्यास ॲक्टिव्हेशनच्या ट्रबलशूटरमध्ये ‘हार्डवेअर बदलले आहे’ हा पर्याय निवडून तो पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करता येतो.

विंडोज १०चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ला टीपीएम २.० आणि पात्र प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतीत साधारणतः आठव्या पिढीपासून पुढचा. जुन्या प्रोसेसरसाठी वापरलेला बोर्ड स्वस्तात घेण्यापूर्वी याचा विचार व्हावा. उबंटू किंवा सी-डॅकने विकसित केलेली बॉस ही लिनक्स प्रणाली परवान्याच्या ॲक्टिव्हेशनशिवाय चालते.

इन्स्टॉलेशनचा क्रम

१. दुसऱ्या संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून किमान ८ जीबीचा इन्स्टॉलेशन पेनड्राइव्ह तयार करावा. पेनड्राइव्हवरील जुना मजकूर पुसला जातो.
२. नव्या बोर्डाच्या लॅन, वायफाय आणि चिपसेटचे ड्रायव्हर वेगळ्या पेनड्राइव्हवर घ्यावेत. लॅनचा ड्रायव्हर नसेल, तर इंटरनेटही मिळत नाही.
३. अन्य डिस्क काढून ठेवाव्यात, म्हणजे चुकून त्या पुसल्या जाणार नाहीत.
४. पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून ‘कस्टम’ पर्याय घ्यावा. जुने विभाजन फॉरमॅट न करता त्यावरच विंडोज टाकल्यास आधीच्या फाइल्स ‘विंडोज डॉट ओल्ड’ या फोल्डरमध्ये राहतात. हा बॅकअप नव्हे. त्या लगेच दुसरीकडे हलवाव्यात.
५. आधी चिपसेट, मग लॅन, ध्वनी व ग्राफिक्सचे ड्रायव्हर टाकून अपडेट करावे.

कार्यालयांनी विसरू नये असे

श्रीलिपी, कृतिदेव किंवा आयएसएमच्या जुन्या फॉन्टमधील मजकूर त्या फॉन्टविना अगम्य अक्षरांत दिसतो. त्यामुळे फॉन्टची प्रत फाइल्ससोबतच घ्यावी. डिजिटल स्वाक्षरी यूएसबी टोकनमध्येच सुरक्षित असते. टोकनचा ड्रायव्हर तेवढा पुन्हा टाकावा लागतो. आधारच्या अंगठा यंत्राची आरडी सेवाही नव्याने इन्स्टॉल करावी लागते. टॅलीचा परवाना संगणकाशी जोडलेला असल्याने शक्य झाल्यास तो आधी ‘सरेंडर’ करावा आणि डेटा फोल्डर वेगळा जपावा.

दरम्यान, बोर्ड का जळाला याचा शोध न घेता नवा बसविणे म्हणजे दुसऱ्या बिघाडाला निमंत्रण होय. जिल्ह्यातील कोरड्या उन्हाळ्यात जमीन सुकली की अर्थिंग कमकुवत होते. अर्थिंगच्या खड्ड्यात वेळोवेळी पाणी घालावे, तारतंत्रीकडून तपासणी करून घ्यावी. विजा कडाडू लागताच प्लग आणि ब्रॉडबँडची तार दोन्ही काढून ठेवावे.