मंडळी

विट्यात ‘काय मंडळी, कुठं निघाला?’ असं विचारलं तर रोख समोरच्या घोळक्यावर असतो. ‘आमची मंडळी माहेरी गेली’ म्हटलं की तो बायकोवर. मूळ संस्कृत ‘मंडल’, म्हणजे वर्तुळ. विष्णुदास भाव्यांच्या सांगलीत १८४३ नंतर नाटकाचा संचही मंडळीच झाला.

मराठी बायबलात मात्र या घरगुती शब्दावर मोठाच भार आहे. ग्रीक ‘एक्लेसिया’, म्हणजे बोलावून जमवलेली सभा, तिथे ‘मंडळी’ होऊन येते. मिरजेत दवाखाना काढणारे डॉ. वॉनलेस ज्या अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे, त्या परंपरेतही चर्च म्हणजे आधी माणसं, मग इमारत.

याच ग्रीक शब्दावरून युरोपात रान पेटलं होतं. विल्यम टिंडेलने १५२६च्या इंग्रजी नव्या करारात ‘चर्च’ टाळून ‘काँग्रिगेशन’ घातलं. नुसती सभाच म्हटली तर पोप-बिशपांची उतरंड हवी कशाला? पोपच्या बाजूच्या टॉमस मोरने ही मेख बरोबर ओळखली आणि टिंडेलला पानोपानी झोडपलं. १५३६मध्ये टिंडेलला पाखंडी ठरवून गळा आवळून मारलं, मग जाळलं. एका शब्दापायी नव्हे, पण त्या शब्दामागच्या भांडणापायी नक्कीच.

कॅथलिक पोर्तुगीजांनी हाच एक्लेसिया ‘इग्रेजा’ या रूपात पश्चिम किनाऱ्यावर उतरवला. मराठीत त्याची इगर्जी झाली, गोव्यात इगर्ज.