रोलर कोस्टरमधील सुरक्षा-यंत्रणेचा विकास : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

तंत्रज्ञानाच्या इतिहासात वाफेचे इंजिन, रेल्वे, तारायंत्र किंवा वीज यांना जे स्थान लाभले ते करमणुकीच्या यंत्रांना लाभलेले नाही. जत्रेतील पाळणा असो वा उद्यानातील रोलर कोस्टर, ही सारी 'खेळणी' मानली गेली आणि खेळण्यांचा इतिहास लिहिण्याची गरज अभ्यासकांना फारशी भासली नाही. वस्तुतः माणसाला भीतीच्या टोकापर्यंत नेऊन सुखरूप परत आणणे हेच ज्या यंत्राचे काम, त्या यंत्राच्या रचनेत सुरक्षेचा विचार जितका उघडपणे दिसतो तितका तो अन्यत्र क्वचितच दिसेल.

आधी थरार आला आणि मागाहून त्याला आवर घालण्यासाठी सुरक्षा आली, असा सर्वसाधारण समज आहे. रोलर कोस्टरच्या इतिहासाची साक्ष मात्र याच्या उलट आहे. गाडी मागे घसरू नये, रुळावरून उचलली जाऊ नये आणि दुसऱ्या गाडीवर आदळू नये यासाठी ज्या युक्त्या शोधल्या गेल्या, त्यांच्यामुळेच अधिक उंच, अधिक वेगवान मार्ग बांधता आले. प्रस्तुत लेखात या युक्त्यांच्या जन्मकथेचा, तसेच त्या निकामी झाल्या, दुर्लक्षिल्या गेल्या किंवा डावलल्या गेल्या तेव्हा काय घडले याचा विचार केला आहे.

कोळशाच्या उतारावरून करमणुकीकडे

या खेळाचे मूळ रशियातील बर्फाच्या घसरगुंड्यांत शोधले जाते. सेंट पीटर्सबर्गच्या परिसरात लाकडी सांगाड्यावर बर्फ गोठवून तयार केलेल्या उतारांवरून लोक घसरत. फ्रेंच भाषेत रोलर कोस्टरला आजही 'रशियन पर्वत' याच अर्थाचा शब्द आहे. इ. स. १८१७ मध्ये पॅरिसमध्ये चाकांच्या गाड्या असलेले असे उतार बांधले गेले आणि त्यांत चाके मार्गातून निसटू नयेत अशी व्यवस्था होती. सुरक्षेची कल्पना अशा रीतीने प्रारंभापासूनच या खेळात आढळते.

तथापि आजच्या रोलर कोस्टरची खरी पूर्वज म्हणजे अमेरिकेतील पेनसिल्व्हानिया राज्यातील मॉच चंक येथील कोळसा वाहून नेणारी रेल्वे होय. १८२७ मध्ये सुरू झालेल्या सुमारे ९ मैलांच्या या मार्गावर भरलेल्या गाड्या केवळ उताराच्या बळावर खाली येत आणि रिकाम्या गाड्या खेचरे वर ओढून नेत. खाली येताना ही खेचरे गाडीतच उभी राहून येत. या वाहनाची सवय जडल्यावर ती पायी उतरण्यास तयार होत नसत, असे वर्णन आढळते. रोलर कोस्टरचे पहिले नियमित प्रवासी म्हणून या खेचरांचा उल्लेख करावा लागेल! पुढे १८४० च्या दशकात परतीचा मार्ग बांधून खेचरांऐवजी वाफेची इंजिने बसविण्यात आली. इंजिन गाड्यांना तीव्र चढावर खेचत असताना पट्टा तुटला तर काय, हा प्रश्न त्यामुळे उभा राहिला. त्यावर योजलेला उपाय साधा होता. रुळांच्या मध्ये एक दातेरी पट्टी बसविण्यात आली आणि गाडीला वर ढकलणाऱ्या यंत्राला एक लोखंडी खिटी जोडण्यात आली. वर जाताना खिटी दातांवरून सरकत जाई. मागे येऊ लागताच ती दातात अडके. १८७२ नंतर हा मार्ग कोळशाच्या कामी येईनासा झाला आणि निव्वळ पर्यटकांच्या सहलींसाठी १९३३ पर्यंत चालू राहिला.

लामार्कस थॉम्पसन याने १८८४ मध्ये न्यूयॉर्कनजीकच्या कोनी आयलंड येथे उभारलेला मार्ग याच परंपरेतला. ६०० फुटांच्या मार्गावर गाडी ताशी सुमारे ६ मैल वेगाने धावे व तिकीट ५ सेंट होते. मार्गाच्या टोकाशी प्रवासी उतरत आणि नोकर गाडी हातांनी ढकलून परतीच्या रुळावर नेत. आजच्या वाचकाला हा वेग हास्यास्पद वाटेल, परंतु गाडीला रुळावर धरून ठेवणारे तिच्या वजनाखेरीज दुसरे काहीही नव्हते. यापेक्षा अधिक धाडस करणे खरोखरच धोक्याचे ठरले असते.

जॉन मिलर आणि दोन शोध

ही मर्यादा ओलांडण्याचे मोठे श्रेय जॉन मिलर (१८७२–१९४१) या अमेरिकन रचनाकाराकडे जाते. तरुणपणी थॉम्पसनकडे काम केलेल्या मिलरच्या नावावर शंभराहून अधिक पेटंटे आहेत. त्यांपैकी १९१० चे पेटंट खिटीच्या सुधारित रूपाचे आहे. साखळीने गाडी वर खेचली जात असताना ऐकू येणारा 'खट् खट्' आवाज हा या खिटीचा आवाज होय. खोपोलीजवळील इमॅजिका उद्यानात (२०१३) पहिला चढ चढताना हाच आवाज ऐकून अनेकांच्या पोटात गोळा येतो. ज्या आवाजाने प्रवासी घाबरतात तो आवाज त्यांना धरून ठेवणाऱ्या खिटीचाच असतो, ही गंमत बहुतेकांच्या लक्षात येत नाही. या खिटीला वीज लागत नाही, चालकाचे लक्ष लागत नाही. ती स्वतःच्या वजनाने पडते आणि अडकते.

अर्थात तिलाही देखभाल लागतेच. ३० मे १९७२ रोजी लंडनच्या बॅटरसी उद्यानात याचा अत्यंत दुःखद प्रत्यय आला. 'फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन'च्या निमित्ताने १९५१ मध्ये तेथे उभारलेल्या 'बिग डिपर' या लाकडी मार्गावर चढाच्या माथ्याजवळ एक गाडी खेचणाऱ्या दोरापासून सुटली. ती मागे येऊ लागल्यावर तिला अडविणारी यंत्रणा चालली नाही. गाडी वेगाने मागे घसरत आली आणि पाच मुले मृत्युमुखी पडली. उद्यानाचा व्यवस्थापक व अभियंता यांच्यावर खटला झाला, पण दोघेही निर्दोष सुटले. या निकालाविषयी मतभेद असू शकतात. मात्र जिचे तत्त्व सव्वाशेहून अधिक वर्षे ठाऊक होते अशा यंत्रणेअभावी मुले दगावावीत आणि त्याची जबाबदारी कोणावरही येऊ नये, हे इतिहासाच्या अभ्यासकाला अस्वस्थ करणारे आहे. १९७४ मध्ये ब्रिटनमध्ये कामाच्या ठिकाणच्या आरोग्य व सुरक्षेविषयीचा कायदा संमत झाला. त्याची तयारी या अपघातापूर्वीच सुरू झाली होती. त्यातील तिसऱ्या कलमाने, कामगार नसलेल्या सामान्य जनतेच्या सुरक्षेची जबाबदारीही मालकावर टाकली. या कलमाचा उल्लेख पुढे पुन्हा येणार आहे.

मिलरचे १९१९ मधील पेटंट अधिक क्रांतिकारक म्हणावे लागेल. टेकाडाच्या माथ्यावरून गाडी वेगाने जाते तेव्हा वेगाचा वर्ग आणि वळणाची त्रिज्या यांचे गुणोत्तर गुरुत्वीय त्वरणापेक्षा जास्त झाले, तर गाडी रुळ सोडून वर उचलली जाते. म्हणूनच तोपर्यंतचे उतार सौम्य ठेवावे लागत. मिलरने रुळाच्या खालच्या बाजूला टेकणारे आणखी एक चाक बसविले. वरून, बाजूने आणि खालून अशा तिन्ही बाजूंनी रूळ पकडला गेल्यावर गाडी उचलली जाण्याचा प्रश्नच उरला नाही. आसनातून क्षणभर वर तरंगण्याचा जो अनुभव आज रोलर कोस्टरचे मुख्य आकर्षण समजला जातो, तो या अदृश्य चाकाची देणगी होय. १९२० चे दशक हा लाकडी रोलर कोस्टरचा सुवर्णकाळ ठरला, त्यामागे हे चाक होते.

हे ज्ञान शंभर वर्षांनी सर्वांनाच अवगत असेल असे गृहीत धरता येत नाही. अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे २०१४ मध्ये १६८ फूट उंचीची 'फरूक्त' नावाची जलघसरगुंडी उघडण्यात आली. तिच्यात मोठ्या उतारानंतर पुन्हा एक टेकाड होते. म्हणजे रचना रोलर कोस्टरची. पण वाहन मात्र रबरी तराफा, ज्याला रुळाशी जखडून ठेवणारे काहीच नव्हते. तराफा उचलला जाऊ शकतो हे ध्यानात घेऊन वर लोखंडी कमानींवर जाळी लावण्यात आली. ७ ऑगस्ट २०१६ रोजी तराफा त्या टेकाडावर उचलला गेला आणि एक लहान मुलगा कमानीवर आदळून मरण पावला. पुढील खटला २०१९ मध्ये न्यायालयाने रद्द केला. अमेरिकेच्या संघीय ग्राहक-सुरक्षा आयोगाकडून कायमस्वरूपी उद्यानांतील यंत्रांचा अधिकार १९८१ मध्येच काढून घेण्यात आला होता. त्यामुळे ही बाब ज्या त्या राज्यावर सोपविली गेली. कॅन्ससमध्ये अपघातापर्यंत उद्यानांना स्वतःची तपासणी स्वतः करण्याची मुभा होती. २०१७ मध्ये हा कायदा कडक करण्यात आला.

वर्तुळ आणि त्याचा आकार

प्रवाशांना उलटे फिरविण्याचा मोह जुना आहे. कोनी आयलंड येथे १८९५ मध्ये 'फ्लिप फ्लॅप' नावाचा मार्ग सुरू झाला व त्यातील वर्तुळ अगदी गोल होते. माथ्यावर पडणार नाही इतक्याच किमान वेगाने गाडी अशा वर्तुळातून गेली, तरी तळाशी प्रवाशावर त्याच्या वजनाच्या सहापट दाब येतो आणि तोही एकदम. माना दुखावणे अटळ होते. कॅलिफोर्नियातील 'रिव्होल्यूशन' (१९७६) या मार्गासाठी वेर्नर श्टेंगेल या जर्मन अभियंत्याने थेंबाच्या आकाराचे वर्तुळ वापरले. त्याची त्रिज्या तळाशी मोठी व माथ्याकडे लहान होत जाते. ही वक्ररेषा रेल्वे व रस्त्यांच्या वळणांसाठी अभियंते पूर्वीपासून वापरत होते.

एका विभागात एकच गाडी

एकाच मार्गावर अनेक गाड्या सोडल्या की प्रवासी वाढतात, उत्पन्न वाढते आणि टकरीचा संभवही वाढतो. आगगाडीने हा प्रश्न ब्लॉक पद्धतीने सोडविला होता. मार्गाचे विभाग पाडावयाचे आणि एका विभागात एका वेळी एकच गाडी येऊ द्यावयाची, हे ते तत्त्व. मुंबईच्या उपनगरी मार्गावर दोन लोकलगाड्यांत अंतर राखले जाते ते याच तत्त्वाने. १९५९ मध्ये कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडमध्ये 'मॅटरहॉर्न' हा पोलादी नळीच्या रुळांचा मार्ग सुरू झाला, तेव्हा हे तत्त्व रोलर कोस्टरमध्ये स्वयंचलित रूपात आले. पुढील विभाग रिकामा नसेल तर मागील गाडीचे ब्रेक सुटतच नाहीत. पूर्वी गाडीवर स्वार होऊन ब्रेक लावणाऱ्या माणसाची नजर आणि हात जे काम करीत, ते काम संवेदक व संगणक करू लागले.

येथे एक मूलभूत फरक लक्षात घ्यावा लागतो. मिलरच्या खिटीला कोणी 'सोड' असे सांगू शकत नाही. संगणकाला मात्र सांगता येते, कारण संवेदक कधीकधी चुकीची सूचना देतात आणि अडकलेली गाडी हलविण्यासाठी माणसाच्या हाती अधिकार ठेवणे भाग असते.

इंग्लंडमधील ऑल्टन टॉवर्स उद्यानात 'स्मायलर' हा मार्ग २०१३ मध्ये सुरू झाला. प्रवाशाला चौदा वेळा उलटे करणारा हा मार्ग त्या काळी जागतिक विक्रम ठरला. २ जून २०१५ रोजी जोराचा वारा होता. त्या दिवशी मार्गावर पाचवी गाडी आणण्यात आली होती, याची कल्पना काम करणाऱ्या सर्वांना नव्हती. एक रिकामी चाचणी-गाडी मध्येच थांबून राहिली. संगणकाने ते ओळखले आणि मागून येणारी, सोळा प्रवासी असलेली गाडी चढावर थांबविली. अभियंत्यांना ही संगणकाची चूक वाटली. त्यांनी त्याचा निर्णय डावलून गाडी सोडली. टकरीत अनेक जण गंभीर जखमी झाले आणि दोन तरुणींना एक-एक पाय गमवावा लागला. जमिनीपासून उंचावर तिरक्या अवस्थेत अडकलेल्या जखमींना सोडविण्यास कित्येक तास लागले.

बॅटरसी येथे यंत्रणा निकामी होती, तर येथे ती चोख होती. बॅटरसीच्या खटल्यात दोन व्यक्ती न्यायालयासमोर उभ्या होत्या. या वेळी उद्यानाची मालक कंपनी उभी होती आणि आरोप १९७४ च्या कायद्याच्या तिसऱ्या कलमाखालील होता. कंपनीने गुन्हा कबूल केला. सप्टेंबर २०१६ मध्ये तिला ५० लाख पौंड दंड झाला. गाडी सोडणाऱ्या अभियंत्यांना दोष देऊन प्रकरण मिटविण्याचा मार्ग तपास यंत्रणेने स्वीकारला नाही. थांबलेली गाडी पुन्हा सोडण्याचा निर्णय कोणी, काय पाहून, कोणत्या क्रमाने घ्यावयाचा याची नीट घालून दिलेली पद्धतच तेथे नव्हती, असा तिचा निष्कर्ष होता. दंडाचा निकाल लागण्यापूर्वीच, मार्च २०१६ मध्ये, स्मायलर पुन्हा सुरू झाली होती.